वजन एकच, अवतार वेगळे: रेणूंमधली ओढ ओळखून पदार्थाचे गुणधर्म कसे सांगायचे आणि कसे तपासायचे

लायटरमध्ये भरायचा ब्यूटेन, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचं आयपीए (म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि शेतात टाकायचा युरिया. या चारही पदार्थांचं रेणुवस्तुमान 58 ते 60 च्या दरम्यान आहे. तरी पहिला वायू, मधले दोन द्रव आणि शेवटचा पांढरा दाणेदार स्थायू. फरक आहे तो एक रेणू शेजारच्या रेणूला किती घट्ट धरून ठेवतो यात. या धरून ठेवण्यालाच पुस्तकात आंतररेण्वीय बल म्हणतात.

साधारण याच वजनाचे आणखी तीन पदार्थ घेतले, की चढण पूर्ण होते. कंसात रेणुवस्तुमान दिलं आहे:

ब्यूटेन (58): उणे 0.5 अंश सेल्सिअसला उकळतो
ॲसिटोन (58): 56 अंशांना
आयपीए (60): 82 अंशांना
1-प्रोपॅनॉल (60): 97 अंशांना
ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल (60): 118 अंशांना
इथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या कूलंटमधलं (62): 197 अंशांना
युरिया (60): 133 अंशांच्या आसपास नुसता वितळतो, आणि आणखी तापवला तर उकळण्याआधीच त्याचं विघटन होतं

ही यादी हाताशी असू द्या. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी तिच्यावर तपासून बघता येते. उत्कलनांक, म्हणजे द्रव उकळतो ते तापमान, सांगायला सांगितला, की बहुतेक विद्यार्थी आधी वजनाकडे धावतात. वजन बघायचंच आहे, पण ते शेवटी.

कागदावर अंदाज कसा बांधायचा

आधी रेणूची रचना काढा. नुसत्या सूत्रावर भागत नाही. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर या दोघांचंही सूत्र सी2एच6ओ असंच आहे, पण इथेनॉल 78 अंशांना उकळतं आणि ईथर उणे 24 ला. पहिल्यात हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला आहे. दुसऱ्यात ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये अडकलाय आणि सगळे हायड्रोजन कार्बनांवर आहेत.

मग दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लुओरिनला थेट जोडलेले हायड्रोजन किती, ही झाली देणारी बाजू. त्या अणूंवर बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या किती, ही घेणारी बाजू. एका रेणूचा असा हायड्रोजन शेजारच्या रेणूवरच्या मोकळ्या जोडीकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध, म्हणून त्याला दोन्ही बाजू लागतात. ॲसिटोनमध्ये घेणारी बाजू आहे, देणारी नाही. त्यामुळे दोन ॲसिटोन रेणूंमध्ये हायड्रोजन बंध होत नाही. पाण्याचा हायड्रोजन मात्र ॲसिटोनच्या ऑक्सिजनला धरू शकतो, म्हणून ॲसिटोन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. ‘ऑक्सिजन आहे म्हणजे हायड्रोजन बंध आहे’ हे उत्तर इथेच चुकतं.

मोजणी का महत्त्वाची, हे हायड्रोजन फ्लुओराइड आणि पाणी शेजारी ठेवल्यावर दिसतं. एकेकटा बंध पाहिला तर फ्लुओरिनचा अधिक बळकट. पण हायड्रोजन फ्लुओराइडच्या रेणूत देण्याजोगा हायड्रोजन एकच. पाण्यात दोन हायड्रोजन आणि दोन मोकळ्या जोड्या असल्यामुळे एक रेणू चार बाजूंनी बांधला जातो. म्हणून हायड्रोजन फ्लुओराइड 19.5 अंशांना उकळतो आणि पाणी 100 ला. आपल्या यादीतही तेच चाललंय. आयपीएमध्ये ओ–एच गट एक, ग्लायकॉलमध्ये दोन. युरियात तर देण्याजोगे चार हायड्रोजन आहेत आणि घ्यायला कार्बोनिल ऑक्सिजन (कार्बनला दुहेरी बंधानं जोडलेला). स्फटिकात हे सगळे गुंतलेले असतात.

हायड्रोजन बंध नसेल तर रेणू ध्रुवीय आहे का, म्हणजे त्याचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण आहे का, ते बघा. ब्यूटेन आणि ॲसिटोन यांच्यातल्या 56 अंशांच्या फरकामागे मुख्यतः ॲसिटोनची ध्रुवीयता आहे.

शेवटी आकारमान आणि घडण. इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक सरकण्यातून येणारी ओढ, म्हणजे लंडन बल, प्रत्येक रेणूत असते. ध्रुवीय रेणूतही असते आणि हायड्रोजन बंधवाल्यातही. इलेक्ट्रॉन जास्त आणि रेणू लांबट असेल तर ती वाढते. रेणू फांद्यांचा, गोळीबंद असेल तर शेजाऱ्याला टेकायला जागा कमी मिळते आणि ती घटते. 1-प्रोपॅनॉल आणि आयपीए यांच्यातले 15 अंश मुख्यतः या घडणीतून येतात: साखळीच्या टोकाचा ओ–एच मोकळा असतो, मधला दोन्ही बाजूंच्या मिथाइल (सीएच3) गटांमध्ये दबतो. हिमालयात जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना हे वेगळ्या वाटेनं कळतं. साधं ब्यूटेन शून्याखाली वायू व्हायलाच तयार नसतं, म्हणून स्टोव्हसाठीच्या, थंडीत चालणाऱ्या गॅसच्या डब्यांत आयसोब्यूटेन (उत्कलनांक उणे 12 च्या आसपास) आणि प्रोपेन (उणे 42) यांचं मिश्रण असतं.

‘लंडन बल सर्वांत दुबळं, मग द्विध्रुव (म्हणजे ध्रुवीय रेणूंमधली ओढ), मग हायड्रोजन बंध’ ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण ती खरी ठरते रेणू साधारण एकाच आकाराचे असतील तेव्हाच. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, कार्बन टेट्राक्लोराइड अध्रुवीय. तरी पहिलं 61 अंशांना उकळतं आणि दुसरं 77 ला, कारण चौथ्या क्लोरीननं आणलेले इलेक्ट्रॉन ध्रुवीयतेवर मात करतात. आयोडीन तर पूर्ण अध्रुवीय, तरी खोलीत ते स्थायूच राहतं.

आणखी एक चूक उत्तरपत्रिकांत वरचेवर दिसते: ‘पाणी उकळताना ओ–एच बंध तुटतात.’ तसं झालं असतं तर भांड्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले असते. ओ–एच हा रेणूच्या आतला सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे 460 किलोज्यूल लागतात, दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध सोडवायला 20 च्या आसपास. उकळताना सुटतो तो दुसरा.

प्रयोगाची तयारी

द्रव तीन: ॲसिटोन, आयपीए आणि पाणी. पहिल्या दोघांचं वजन जवळजवळ सारखं असल्यामुळे तुलना स्वच्छ होते. ॲसिटोन शक्यतो प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, तेल, सुगंध असतो, आणि काहींत ॲसिटोन नसतंच. आयपीए 99 टक्क्यांचं घ्या. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी, ग्लिसरीन आणि घट्ट करणारे पदार्थ असतात.

भांडी काचेची घ्या. थर्मोकोलचा पेला ॲसिटोननं बघता बघता बसतो, आणि डिजिटल थर्मामीटरचं प्लास्टिकचं आवरणही खराब होऊ शकतं. उणे 10 ते 110 अंशांचे काचेचे तीन थर्मामीटर लागतील. तापाचा थर्मामीटर उपयोगाचा नाही, त्याची पट्टी 35 च्या आसपास सुरू होते.

ॲसिटोन आणि आयपीए दोन्ही ज्वालाग्राही आहेत. ॲसिटोनची वाफ शून्याच्या बऱ्याच खालीही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यानं टेबलावरून खाली उतरून पसरते. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको. खिडक्या उघड्या ठेवा. यादीतले ग्लायकॉल आणि शुद्ध ॲसिटिक आम्ल घरी आणू नका. पहिलं विषारी आहे आणि चवीला गोड, दुसऱ्यानं कातडी भाजते.

पहिला प्रयोग: ओला थर्मामीटर

फिल्टर पेपरच्या सारख्या मापाच्या तीन पट्ट्या कापा, अडीच सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर पुरे. प्रत्येक थर्मामीटरच्या फुग्याभोवती पट्टी एकाच घडीत गुंडाळून बारीक रबरानं बांधा. कागदाचा दुहेरी-तिहेरी थर झाला की आत द्रव साठतो आणि आकडे हळू हलतात. तिन्ही द्रव आधी तासभर त्याच खोलीत ठेवा. कपाटातून काढलेली गार बाटली लगेच वापरली, तर सुरुवातीचाच आकडा खोटा.

थर्मामीटर आपापल्या द्रवात अर्धा मिनिट बुडवून सुरुवातीचं तापमान लिहा. मग तिन्ही एकदम बाहेर काढून टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं असे लावा, की फुगे हवेत मोकळे राहतील. दर अर्ध्या मिनिटाला, चार मिनिटं आकडे लिहा. पंखा बंद.

ॲसिटोनचा पारा साधारण 12 ते 18 अंश उतरतो, आयपीएचा 5 ते 9. या दोघांचा क्रम सहसा बदलत नाही. ॲसिटोनचे रेणू एकमेकांना कमी धरून आहेत, म्हणून ते भराभर सुटतात आणि जाताना उष्णता घेऊन जातात. 25 अंशांना ॲसिटोनचा बाष्पदाब (द्रवातून सुटलेल्या वाफेचा दाब) सुमारे 31 किलोपास्कल असतो, आयपीएचा 6, पाण्याचा 3.2.

इथे एक उलटा निष्कर्ष अगदी पटकन निघतो: ‘ॲसिटोन जास्त गार करतं, म्हणजे त्याला बाष्प व्हायला जास्त उष्णता लागते.’ ग्रॅममागे हिशेब केला तर ॲसिटोनला सुमारे 0.53 किलोज्यूल लागतात आणि पाण्याला 2.4. ॲसिटोन दर ग्रॅमला थोडीच उष्णता नेतं, पण तेवढ्या वेळात ग्रॅम बरेच जातात. थर्मामीटर दाखवतो तो वेग आणि उष्णता यांचा गुणाकार. दोन्ही वेगळे करायचे असतील, तर 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या, एकसारख्या काचेच्या बशांत प्रत्येकी 5 ग्रॅम द्रव ओता आणि दर पाच मिनिटांनी वजन लिहा. वजनाच्या घटीत ॲसिटोन आयपीएच्या साधारण तीन-चार पट पुढे असतं.

पाण्याचा आकडा सर्वांत बेभरवशाचा, आणि त्याचं कारण पाण्यात नसून हवेत आहे. हवेत ॲसिटोनची वाफ आधीपासून नसते, पाण्याची असते. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत ओल्या कागदातून जितके रेणू सुटतात त्याच्या जवळपास तितकेच हवेतून परत येऊन बसतात, आणि पारा जेमतेम दोन-तीन अंश हलतो. हाच प्रयोग नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात केला तर पाणी आयपीएच्याही पुढे जाऊ शकतं. मग ‘पाण्यात ओढ कमी’ असं लिहून मोकळं होऊ नका. त्या दिवसाची आर्द्रता तक्त्यात नोंदवा आणि रेणूंची तुलना ॲसिटोन-आयपीए या जोडीवरच करा. विदर्भात माठ जितका गार होतो तितका कोकणात होत नाही, त्यामागेही हेच. एक लीटर पाणी 10 अंशांनी उतरवायला 17-18 ग्रॅम पाणी उडालं तरी पुरतं, पण ते उडायला हवा कोरडी हवी.

पावसाळ्यात ॲसिटोनचा पारा मध्येच थबकला, तर कागद हाताला लावून बघा. तो इतका गार झालेला असतो की हवेतलं दव त्यावर जमतं, आणि मग तुम्ही ॲसिटोन आणि पाण्याचं मिश्रण मोजत असता. पहिल्या दोन मिनिटांचे आकडे वापरा, पुढचे सोडून द्या.

दुसरा प्रयोग: थेंब मोजा

नाण्यावर किती थेंब मावतात हा प्रयोग शाळाशाळांतून होतो. दिसायला छान, पण त्यात गफलत आहे: आयपीएचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा मुळातच लहान असतो, म्हणजे आपण वेगवेगळ्या मापांनी मोजत राहतो. त्यापेक्षा थेंबाचं मापच वापरा. ड्रॉपर उभा धरून 10 मिलिलीटरच्या मोजपात्रात एक मिलिलीटर भरेपर्यंत थेंब मोजा, सावकाश, सेकंदाला एक. ड्रॉपर एकच ठेवा, मधे धुवून पूर्ण वाळवा. साबणाचा अंशही राहिला तर पाण्याची मोजणी बिघडते.

पाण्याचे 20 थेंब पडले असतील, तर त्याच ड्रॉपरनं आयपीएचे 50 च्या वर पडतात. टोकाला लटकलेल्या थेंबाला पेलून धरतो तो पृष्ठीय ताण, आणि सुटणाऱ्या थेंबाचं वजन या ताणाच्या प्रमाणात असतं. 20 अंशांना पाण्याचा ताण मीटरला 73 मिलिन्यूटन, आयपीएचा 22 च्या आसपास.

ॲसिटोन या पद्धतीनं मोजायला त्रास देतं. ड्रॉपरच्या रबरी टोपीत त्याची वाफ साठून दाब वाढतो आणि थेंब आपोआप गळू लागतात. ड्रॉपरनं ॲसिटोन दोन-तीनदा आत-बाहेर करून आतली हवा आधी वाफेनं भरून घ्या, मग मोजा. आकडा आयपीएच्या अगदी जवळ येतो, किंचित कमीच. म्हणजे ॲसिटोनचा पृष्ठीय ताण (सुमारे 24) आयपीएपेक्षा थोडा जास्त. उत्कलनांकाच्या क्रमाशी हे जुळत नाही, पण प्रयोग चुकलेला नाही. आयपीएचे रेणू पृष्ठभागावर ओ–एच आत वळवून मिथाइल गट बाहेर करून बसतात, त्यामुळे वरून तो द्रव जवळपास हायड्रोकार्बनसारखाच वागतो. उत्कलनांकावरून पृष्ठीय ताण सांगायचा मोह झाला, तर ही जोडी आठवा.

दाटपणा

थोडक्यात: औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन घ्या. एका रेणूत तीन ओ–एच, आणि 20 अंशांना श्यानता, म्हणजे दाटपणा, पाण्याच्या सुमारे 1400 पट. उंच परीक्षानळीत ते भरून सायकलच्या बेअरिंगमधला बारीक छर्रा सोडा आणि तळाला जायला लागलेले सेकंद मोजा. नळी कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा, छर्रा झपकन उतरतो. 20 चे 30 अंश झाले की श्यानता निम्म्याहून खाली येते, म्हणून तापमान न लिहिता घेतलेल्या वेळेला काही अर्थ नाही. बाटली उघडी राहिली असेल तर ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. दहा टक्के पाणी शिरलं तरी श्यानता सहा-सात पटीनं घसरते. पावसाळ्यात आकडे जुळेनासे झाले की आधी बुचाकडे बघा.

वितळणं: इथे नियम वेगळे

उत्कलनांकाचे ठोकताळे द्रवणांकाला (वितळण्याच्या तापमानाला) तसेच लावू नका. उकळताना रेणूंनी एकमेकांना सोडायचं असतं, वितळताना रांग मोडायची असते. तेव्हा रेणू स्फटिकात किती नीट बसतात याला महत्त्व येतं. साधा पेंटेन 36 अंशांना उकळतो आणि उणे 130 ला गोठतो. त्याचाच फांद्यांचा भाऊ निओपेंटेन 9.5 ला उकळतो, पण गोठतो उणे 17 च्या आसपास. गोल, सममित रेणू. उकळायला सोपा आणि रचायलाही.

घरात हे तेलांवर दिसतं. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी 5 मिलिलीटर खाद्य खोबरेल, शेंगदाणा तेल आणि कोकमाचं घट्ट तेल घ्या. पायांच्या भेगांना लावतात तेच, गोव्यात भिरंडेल म्हणतात ते. गोळा असेल तर आधी वितळवून ओता. केसांचं सुगंधी तेल नको, त्यात खनिज तेल असू शकतं. तिन्ही नळ्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. खोबरेल आणि कोकम दगडासारखे होतात, शेंगदाणा तेल फार तर गढूळ होतं.

आता वजनाचा हिशेब लावून बघा. तेलाच्या रेणूत कार्बनांच्या लांब साखळ्या असतात: खोबरेलात मुख्यतः 12 कार्बनांची, शेंगदाण्यात 18 ची. वजनावर गेलो तर शेंगदाणा तेल आधी गोठायला हवं. पण शेंगदाण्याच्या बहुतेक साखळ्यांना दुहेरी बंधापाशी वाक असतो आणि त्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत. कोकमातही 18 कार्बनच, पण निम्म्याहून जास्त साखळ्या स्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे सरळ. स्टिअरिक आम्ल 69 अंशांना वितळतं आणि दुहेरी बंधाचं, वाकलेलं ओलेइक आम्ल 16 च्या आत. दोघांत फरक फक्त दोन हायड्रोजनांचा.

तापमान मोजताना नळ्या थर्मामीटरसह गार पाण्याच्या भांड्यात उभ्या करा आणि पाणी दोन मिनिटांना एक अंश या बेतानं वाढवा, वाटीवाटीनं कोमट पाणी घालत. भांड्यातलं पाणी ढवळत राहा, नाहीतर बाहेर 30 आणि नळीच्या मध्यावर 24 असं होतं. खोबरेल 24-25 च्या सुमारास पूर्ण पारदर्शक होतं, कोकमाचं तेल 40 च्या आसपास. तेल म्हणजे अनेक रेणूंचं मिश्रण, तेव्हा एक नेमका आकडा मिळणार नाही. पहिला थेंब सुटला ते तापमान आणि शेवटचा पांढरा कण गेला ते तापमान, दोन्ही लिहा. आकडा घ्यायचा तो वितळतानाच. गार होताना घेतलात तर खोबरेल 20 च्या खाली जाऊनही कधी कधी पातळच राहतं, कारण पहिला स्फटिक तयार व्हायला निमित्त लागतं. अशा वेळी गोठलेल्या खोबरेलाचा एक कण नळीत टाकला की सगळं बसायला लागतं.